नावाचा रकाना

आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण सहकारी आहे. त्याची पत्नी पहिलटकरीण. चौतिसाव्या आठवड्यातच ती बाळंत झाली, मुलगी झाली, आणि पाचव्या दिवशी ती मुलगी गेली. नवव्या दिवशी तो शिरूरला महाविद्यालयात हजर झाला. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला तास घेतला तरच मानधन मिळते. रजा हा शब्द त्याच्या नेमणूकपत्रात नसतो. त्या वेळी प्राध्यापक-कक्षात आम्ही सातजण होतो. कोणीतरी चहा पुढे केला. कोणीतरी अंतर्गत परीक्षेच्या गुणांची यादी कधी द्यायची ते विचारले. आणि मी, अठरा वर्षे करुणरस शिकवणारा मराठीचा माणूस, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वय आहे अजून तुमचं. पाठीवर होईल दुसरं." तो "हो सर" म्हणाला, हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेला.

माझे ते वाक्य पुढे बरेच दिवस मला छळत राहिले. प्रस्तुत लेखन त्यातून आले आहे.

वाक्यात हेतू वाईट नव्हता, पण 'पाठीवर' हा शब्द पाहावा. आपल्या भाषेत पाठचा भाऊ असतो, पाठची बहीण असते. पुढे कोणी असते म्हणून त्याच्या पाठीवर कोणी येते. मी मात्र जिच्या पाठीवर दुसरे यायचे तिलाच वाक्यातून काढून टाकले होते. अशी वाक्ये आपल्याकडे पिढीजात आहेत. "लळा लागायच्या आत गेली ते बरं झालं." लळा जन्मानंतर लागतो, असे हे म्हणणाऱ्याने गृहीत धरलेले असते, डोहाळे, पोटातली पहिली हालचाल, दुपट्यांसाठी काढून ठेवलेली आजीची मऊ लुगडी, हे सारे त्याच्या हिशेबात नसते. "देवाला आवडली." मग आईला ती आवडत नव्हती काय? "ऋणानुबंध तेवढाच होता" हे वाक्य मला त्यातल्या त्यात सुसह्य वाटते, कारण ते निदान बंध होता एवढे तरी मान्य करते.

आणखी एक शब्द आहे: दगावणे. गाय दगावते, शेळी दगावते, दवाखान्यात रुग्ण दगावतो, बाळंतीण दगावते आणि बाळ दगावते. प्राचार्य दगावल्याची बातमी मी अजून वाचलेली नाही. त्यांचे निधन होते. वर्तमानपत्र उघडून क्रियापदे पाहिली तरी कोणाच्या मरणाला किती जागा द्यायची हे भाषेने आधीच ठरवून ठेवले आहे असे दिसते.

नवरा गेला तर विधवा, बायको गेली तर विधुर, आईबाप गेले तर पोरका; मूल गेलेल्या आईबापांना मात्र शब्द नाही, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. संस्कृताने एक शब्द दिला आहे: मृतवत्सा. जिची मुले जगत नाहीत ती. वंध्या, काकवंध्या यांच्या रांगेत तो बसतो. वैद्यकाची आणि ज्योतिषाची ही संज्ञा. तिच्यात दुःखाचे नाव नाही, दोषाचे निदान आहे, आणि तो दोष बाईत आहे. बापासाठी असा शब्द व्यवहारात कधी आला नाही. माझ्या सहकाऱ्याला त्या दिवशी आम्ही कोणीच काही म्हणू शकलो नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. त्याच्या स्थितीला नावच नव्हते.

याचा अर्थ जुन्या काळाला हे दुःख ठाऊक नव्हते असा मात्र नाही. आमच्या भागातले कुठलेही जुने हजेरीपट काढून पाहा. दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकोबा, नथू. आधीची मुले गेली की पुढच्याला असे टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूचे लक्ष जात नाही. किंवा मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी म्हणून खपवायचे. यातल्या कितीतरी नावांच्या मागे एकदोन न लिहिलेली नावे उभी असतात. माझ्या वडिलांचे नाव दगडू. दौंड तालुक्यात भीमेकाठच्या गावी माझी आजी कोणी विचारले की सांगायची, "मला सात झाली, चार हाती लागली." तिने 'मला चार मुलं' असे कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. हाती न लागलेली तीनही तिला तिथीवारानिशी पाठ होती. एक पोळ्याच्या आदल्या दिवशीचे, एक पूर आला त्या वर्षीचे. आपली जनगणनाही बाईला दोन वेगळे प्रश्न विचारते, एकूण मुले किती झाली आणि हयात किती. आजीचा हिशेब शास्त्रशुद्ध होता.

तिच्या काळात हे प्रत्येक घरात होते. ज्या बायका तिच्याजवळ बसायला आल्या असतील, त्यांतल्या बहुतेकींचे एखादे असेच गेलेले असणार. आता तसे राहिलेले नाही, आणि हे चांगलेच झाले आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणारी (पाहा, मीही तोच शब्द लिहिला) बाळे ११ होती. देशाचा आकडा २० होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली, आणि हा दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५.५ वर आणला; १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापले तेव्हा त्याची जगभर दखल घेतली गेली. पण आकडा उतरला की उरलेल्यांचे एकटेपण वाढते, हे आपण लक्षात घेतलेले नाही. आजीच्या शेजारी बसायला आळी होती. माझ्या सहकाऱ्याच्या पत्नीच्या मैत्रिणींपैकी एकीचेही असे झालेले नव्हते. त्या आल्या नाहीत. काय बोलावे ते त्यांना कळले नाही. पुढे एकीच्या डोहाळजेवणाचे आमंत्रण सगळ्यांना गेले, हिला गेले नाही. तिला वाईट वाटेल म्हणून बोलावले नाही, असे कारण सांगितले गेले. खरे कारण ओटीचे होते हे तिला कळल्यावाचून राहिले नाही.

धर्मशास्त्राकडे पाहिले तर तेथेही हीच घाई दिसते. मनुस्मृती सांगते, दोन वर्षांखालचे मूल गेले तर त्याला अग्नी देऊ नये, गावाबाहेर नेऊन पुरावे, उदकदान नाही. आमच्याकडे दहा दिवसांच्या आतल्या बाळाचे वेगळे सुतक धरत नाहीत; सोयर चालूच असते, त्यातच सुतक विरून जाते. हे कठोर आहे असे एकदम म्हणवत नाही. ज्या काळी घरात दर दोन वर्षांनी एक मूल जात होते, त्या काळी प्रत्येकासाठी तेरा दिवस घर थांबवणे परवडणारे नव्हते. ती एक प्रकारची सुटका असणार. आज मात्र त्या सुटकेचा आईच्या वाट्याला आलेला अर्थ निराळा आहे. चार पुरुष जातात, मूठमाती देऊन येतात. बाळंतिणीने बाहेर पडायचे नसते. नेमकी जागा कोणती हे तिला कोणी सांगत नाही, आणि तिने विचारले तर "कशाला आता ते" असे उत्तर मिळते. माझा सहकारी स्वतः गेला होता. तिने जागा विचारली तेव्हा तो खोटे बोलला, आठवत नाही म्हणाला. थोरल्या माणसांनी त्याला तसे बजावले होते.

आता आमच्या प्रांताकडे, म्हणजे साहित्याकडे. साहित्याने या मुलांचे काय केले, हे मी या निमित्ताने पहिल्यांदाच मुद्दाम पाहिले. भागवताच्या दशमस्कंधात दोन विलक्षण कथा आहेत. एक द्वारकेतल्या ब्राह्मणाची. त्याची मुले जन्मताच मरतात. दरवेळी तो मेलेले मूल राजद्वारी आणून ठेवतो आणि राजाच्या दोषामुळे हे झाले म्हणून ओरडतो. पुढे अर्जुन प्रतिज्ञा करतो, हरतो, आणि शेवटी श्रीकृष्ण सगळी मुले परत आणून देतो. दुसरी देवकीची. जन्मताच कंसाने मारलेले सहा मुलगे एकदा पाहायला मिळावेत असे ती उतारवयात मागते. सुतल लोकातून ते आणले जातात, तिला पान्हा फुटतो, ती त्यांना पाजते, आणि मग ते निघून जातात. देवकीला कृष्ण मिळाला होता, पराक्रमी, ईश्वर असलेला. तरी ती सहा विसरली नव्हती. 'पाठीवर दुसरं होईल' या वाक्याला एवढे सरळ उत्तर दुसरीकडे कुठे आहे, मला माहीत नाही.

संतचरित्रात हे धैर्य कमी होते. गोरोबाकाकांच्या कथेत चिखलात तुडवले गेलेले मूल भक्तीची कसोटी ठरते. आई आकांत करते, विठ्ठलाला बोल लावते, तर तिच्यावरच मारायला धावून जाणे होते. पंढरपुरात कीर्तनात मूल रांगत परत येते आणि कथा संपते. मधल्या काळात त्या माउलीने काय केले? तेरच्या त्या घरात त्या रात्री चूल पेटली का? कथेला ते विचारावेसे वाटत नाही.

आधुनिक काळात आलो की आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचता, या जाणिवेने त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. हे आपण सारे शिकवतो, मीही शिकवले आहे. आपल्या शिकवण्यात ते बाळ नेहमी 'प्रेरणा' म्हणून येते. दहा दिवसांचे आयुष्य पदवीच्या आधीचे एक वाक्य होऊन बसते. चौदा वर्षांची एक मुलगी बाळंतपणाच्या खाटेवर आहे, पान्हा आलेला आहे आणि प्यायला कोणी नाही, या ठिकाणी आपण थांबत नाही, कारण पुढे आगबोट उभी असते. पुढे तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचाच, हे मात्र मला दरवेळी हलवते.

थांबलेला एक कवी मला आढळतो: गोविंदाग्रज. 'राजहंस माझा निजला' मधली आई मांडीवरचे मूल गेले आहे हे मानत नाही. भोवती माणसे आहेत, त्यांना मूल न्यायचे आहे. मराठीच्या वर्गात ही कविता शिकवताना आपण तिच्या भाबडेपणावर, भ्रमावर बोलतो. मला आता वाटते, कवितेतला खरा प्रश्न भोवतीच्या माणसांचा आहे. त्यांना एवढी घाई कशाची आहे? ती आणखी तासभर बसली असती तर काय बिघडले असते? गेल्या वर्षी ही कविता शिकवताना मागच्या बाकावरची एक विवाहित विद्यार्थिनी उठून बाहेर गेली. पूर्वीचा मी असतो तर हजेरी कापली असती.

दुधाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी. बाळ गेले हे शरीराला कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते ते उतरतेच. घरातल्या बायका छाती कापडाने आवळून बांधतात, आणि त्याविषयी बोलायचे नाही असा दंडक असतो. दवाखान्यातून निघताना तिला औषधांची चिठ्ठी दिली होती, पण हे होईल, दुखेल, इतके दिवस राहील, असे एक वाक्य कोणी बोलले नव्हते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा पेढ्यांत बाळ गमावलेल्या आयाही दूध देऊ शकतात. सगळ्यांनी द्यावे असे मी म्हणणार नाही. काहींना ते सहन होणार नाही. पण असे करता येते हे सांगितले तर पाहिजे. दूध मोरीत पिळून टाकणे आणि दुसऱ्या कोणा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी देणे, यांतला फरक तिने ठरवायचा आहे.

शासनदरबारी काय आहे? केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२२ रोजी आदेश काढून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, मृतजन्म झाल्यास किंवा जन्मानंतर अठ्ठावीस दिवसांत बाळ गेल्यास, साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा दिली. हे पाऊल मोठे आहे. बाळ नसले तरी ही बाई बाळंतीण आहे, हे त्यात सरकारी भाषेत नीट मान्य झाले. पण तो केंद्राच्या नोकरीपुरता. आमच्या सहकाऱ्याच्या तासिकांना तो लागू नाही, आणि कोपीवरच्या बाईला तर नाहीच. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी दौंडकडच्या एका ऊसतोड टोळीत गेले होते. बीडकडची एक बाई सहज बोलताना म्हणाली, "मागल्या साली हितंच झालं. दोन दिस जगलं. फडाच्या बांधाला ठिवलं. आता त्या रानात नांगर फिरला असंल." मुकादमाची उचल फेडायची होती, तिसऱ्या दिवशी ती मोळ्या बांधायला उभी होती.

आशाताईंच्या घरभेटी २०११ पासून देशभर आहेत, गडचिरोलीच्याच धर्तीवर. बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी त्या येतात. बाळ गेले की काय होते? बालमृत्यूची चौकशी होते, प्रपत्र भरले जाते: ताप होता का, दूध किती वेळा दिले, दवाखान्यात न्यायला किती उशीर झाला. ही चौकशी आवश्यक आहे. तिच्यामुळेच पुढची बाळे वाचतात. परंतु ज्या घरी आत्तापर्यंत काळजी घ्यायला कोणी येत होते तेथे आता प्रश्न विचारायला कोणी येते, आणि प्रत्येक प्रश्नात आईला आपली चूक ऐकू येते. उरलेल्या भेटी आईसाठी तशाच चालू ठेवाव्यात, तिसरी, सातवी, चौदावी, आणि त्यांतल्या निदान एका भेटीत प्रपत्र पिशवीतून बाहेर काढू नये, एवढे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही सुचते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सात वाचली. मदत जाहीर झाली, समिती नेमली गेली, मंत्री येऊन गेले. त्या दिवसांतल्या बातम्यांत मला बाळांची नावे कुठे दिसली नाहीत, आयांची दिसली. अतिदक्षता कक्षात मनगटावरच्या पट्टीवरही 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव असते. बारसे व्हायचे असते ना. द्वारकेतला ब्राह्मण राजद्वारी ओरडू शकला, त्या आया काय नाव घेऊन ओरडणार?

इंग्लंडात अशा आईबापांनीच १९७८ साली 'सॅण्ड्स' नावाची संस्था काढली. तेथे आता बाळाला पाहायचे आहे का, घ्यायचे आहे का, हे विचारतात. पावलांचे ठसे, एखादे छायाचित्र, टोपडे, असे काही जपून देतात. हे परदेशी लाड आहेत असे म्हणणारे भेटतील. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत बाळाच्या पावलांचे ठसे केसपेपरवर घेतलेलेच असतात. त्याची एक प्रत आईला द्यायला काय खर्च येतो? पाहण्याची सक्ती नको. काही आया नको म्हणतील आणि तेही बरोबर आहे. विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे. बापालाही विचारावे. त्याला आपण खांदा देणारा, धावपळ करणारा, बिल भरणारा समजतो, आणि मूठमाती देऊन आला की त्याचे काम संपले असे धरतो.

तर, नावाची गोष्ट. हजर झाल्यावर आठवड्याभराने तो माझ्याकडे आला. माझ्या त्या वाक्याबद्दल मनात काही धरले असेल तर दिसले नाही. जन्माची आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, म्हणून तो अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला होता. अर्जात बाळाच्या नावाचा रकाना होता. नाव त्यांनी सातव्या महिन्यातच ठरवले होते. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "रिकामं ठेवा. दोन्ही दाखले एकदमच करायचेत, नाव कशाला पाहिजे?" तो परत आला होता. "सर, तुम्ही मराठीचे आहात," तो म्हणाला. मराठीचा आणि या रकान्याचा काय संबंध असे मी त्याला विचारले नाही.

आम्ही १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा काढून बसलो. जन्म नावाशिवाय नोंदवता येतो, नाव मागाहूनही घालता येते. ज्याचा पुढे मृत्यू झाला त्या बाळाचे नाव लिहू नये, असे त्यात आम्हाला कुठे सापडले नाही. दुसऱ्या दिवशी मीही त्याच्याबरोबर गेलो. तोच माणूस होता. या वेळी त्याने काही न बोलता अर्ज घेतला, रकाना वाचला, अक्षर नीट लागले नाही म्हणून विचारले, "रफार आहे का हा?" माझ्या सहकाऱ्याने नाव मोठ्याने उच्चारले. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

दोन्ही दाखल्यांवर ते नाव आले आहे. संध्याकाळी त्याने पत्नीला भीमेकाठची ती जागाही दाखवली, असे तो म्हणाला. नाव मी येथे देत नाही. ते त्यांचे आहे. मी ते अधूनमधून घेतो, विशेषतः तिच्या वाढदिवसाच्या आसपास, आणि तो चहा अर्धा ठेवून बोलू लागतो.